टॉन्सिलचा उन्हाळा

आमच्या लाइनीत आजारपण ही खाजगी गोष्ट नव्हती. नागपुरात अजनीच्या पुढे सरकारी क्वार्टरांची ती लाइन. दारासमोर दार, मधे लांबट अंगण आणि अंगणाच्या टोकाला एक नळ. कोणाच्या घरी ताप आला की सकाळी नळावर सगळ्यांना कळायचं, आणि डॉक्टरकडे जाऊन काय घ्यायचं हेही तिथेच ठरायचं. म्हणजे डॉक्टरला आम्ही विचारायला जात नसू, फक्त घ्यायला जात असू.

घ्यायची गोष्ट म्हणजे सुई. सुई टोचली तर इलाज झाला, नाहीतर फेरी फुकट गेली. "नुसत्या गोळ्या देऊन पाठवलं," हे वाक्य आमच्या लाइनीत अशा आवाजात म्हटलं जाई, की लग्नघरून कोणी न जेवता परत पाठवलं असावं. चौकातला आमचा डॉक्टर नवीन होता तेव्हा बिचारा समजावून सांगायचा, की हा ताप आपोआप उतरेल, पाणी प्या, आराम करा. मग त्याच्या लक्षात आलं की आराम करा असं सांगितलेला माणूस सरळ पुढच्या चौकातल्या डॉक्टरकडे जातो आणि दंड चोळत हसतमुखानं घरी येतो. शिवाय समजावून सांगायला वेळ लागतो, सुई टोचायला लागत नाही. तोही शहाणा झाला.

मी कुहीकडच्या खेड्यातली. आमच्या गावात सुई घ्यायची तर बैलगाडी जुंपावी लागे, त्यामुळे बहुतेक दुखणी गाडी जुंपायच्या आत बरी होत. लग्न होऊन नागपूरला आले तेव्हा या लाइनीची औषधांची हौस पाहून मी चाट पडले होते. पण चार पावसाळे काढल्यावर मीही इतरांसारखीच झाले. माणूस जिथे पाणी भरतो तिथलं बोलणं शिकतो.

टॉन्सिलचं प्रकरण समोरच्या काकूंच्या घरून सुरू झालं. काकू म्हणजे आमच्या लाइनीच्या न निवडलेल्या सरपंच. आवाज मोठा, मन त्याहून मोठं, आणि कोणाच्या घरी काय कमी आहे हे घरच्यांच्या आधी त्यांना कळे. त्यांचा मोठा मुलगा दर महिन्याला घसा सुजून तापानं फणफणायचा. पाणीसुद्धा गिळवत नसे. अर्धी शाळा बुडायची. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं त्याच्या टॉन्सिल काढल्या आणि तो पोरगा असा काही सुधारला की मागून ओळखू येईना. त्याला त्या ऑपरेशनची गरज होती, हे मी इथेच सांगून टाकते. नाहीतर लोकांना वाटतं ही बाई डॉक्टरांच्या विरुद्ध आहे.

पण लाइनीनं त्यातून आपला अर्थ काढला. टॉन्सिल ही अशी वस्तू आहे, की ती काढली की पोराच्या अंगी मांस लागतं. आणि अंगी मांस नसलेली पोरं तर घरोघरी होती. होळीपर्यंत प्रत्येक आईनं आपापल्या पोराच्या घशात बॅटरी मारून पाहिली होती. बॅटरी मारली की दोन्ही बाजूंना काहीतरी लालसर दिसतंच. याआधी कोणी पाहिलंच नव्हतं, म्हणून ते नेहमीच तसं असतं की आताच झालं, हे कोणालाच सांगता येईना.

पोरांना निराळाच मोह होता. काकूंचा मुलगा दवाखान्यातून परत आला तो राजासारखा. ऑपरेशननंतर डॉक्टर रोज आइस्क्रीम खायला सांगतात, भात-वरण खाऊच देत नाहीत, असं त्यानं अंगणात सभा भरवून सांगितलं. त्या दिवसापासून लाइनीत टॉन्सिल-टॉन्सिल हा खेळ सुरू झाला. एकानं ओट्यावर आडवं पडायचं, एकानं चमचा घेऊन वाकायचं, आणि बाकीच्यांनी बर्फ म्हणून पेरूचे तुकडे धरून उभं राहायचं. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. किडकिडीत, दोन वेण्या, आणि अंगणात सगळ्यात मोठा आवाज तिचा. ती आरशासमोर उभी राहून "आ" करायची तालीम करायची, आणि मधूनच येऊन मला सांगायची की घसा फार दुखून राहिला. पेरू खाताना मात्र तो दुखत नसे.

उन्हाळा आला तशी लाइनीत वाळवणाची बोलणी सुरू झाली. हे आमचं दरवर्षीचं. आज हिच्याकडे कुरड्या, उद्या तिच्याकडे पापड, परवा तिसरीकडे शेवया. एकटीनं करायचं कामच नाही. एक चीक शिजवणार, एक सोऱ्या दाबणार, एक खाटेवर पसरवणार, आणि काकू मधे उभ्या राहून सगळ्यांना ओरडणार. त्या वर्षी पापडांच्या दिवशी काकूंनी लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाल्या की पोट्ट्यांच्या टॉन्सिलचंही एकदाच उरकून टाकू. शाळा बंद आहे, पोट्टे रिकामेच हिंडून राहिले. एकीनं डबा न्यायचा, एकीनं बर्फ आणायचा, दोघींनी रात्री थांबायचं. वेगवेगळं केलं तर सगळ्यांचाच जीव जातो, एकत्र केलं तर सोपं पडतं.

मला ते इतकं पटलं की मी पापड लाटता लाटता मान डोलावली. आज कोणाला सांगितलं तर हसू येईल, की आम्ही पोरांच्या ऑपरेशनची पाळी पापडांच्या पाळीसारखी लावली. पण तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. काम मोठं, हात पुष्कळ, आणि ऊन चांगलं.

मग एका सकाळी आम्ही सगळ्या पोरांना न्हाऊ-माखू घालून मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. सर्जन उंच, चष्मेवाले, बोलायला बरे. पण बाहेर रांग ही एवढी. त्यांनी एकेका पोराच्या घशात बॅटरी मारली आणि प्रत्येकाबद्दल एकच सांगितलं, की वाढलेल्या आहेत. काकू लगेच म्हणाल्या, मग काढूनच टाका डॉक्टरसाहेब, सुट्ट्या हायेत. डॉक्टरांनी मान हलवली, सिस्टरनं तारीख दिली, आणि आम्ही बाहेर आलो. परतताना रिक्षात सगळ्या एकमेकींना सांगत होत्या, की डॉक्टरनं काढायला सांगितलं.

तारीख ठरली आणि मी घाबरले. दूरच्या नात्यातली एक पोरगी भूल दिल्यावर बराच वेळ उठलीच नव्हती, ही ऐकीव गोष्ट नेमकी तेव्हाच आठवायला लागली. माझी एकुलती एक पोर, तिच्या नाकावर कोणी फडकं धरणार आणि तिच्या गळ्यात हत्यार घालणार. रात्री ती झोपली की मी तिचा श्वास ऐकत बसे. पण हे बोलायचं कोणाजवळ? काकूंसमोर भीती वाटते म्हणणं म्हणजे सगळ्यांच्या कुरड्यांच्या चिकात पाणी ओतणं. नवऱ्याला सांगितलं तर ते म्हणाले, "सगळे करून राहिले, तर चांगलंच असंल." माझा नवरा सरकारी कारकून. ज्या कागदावर पुष्कळांच्या सह्या आहेत तो कागद बरोबर, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी रजा टाकली, आणि आइस्क्रीमसाठी कोणाकडून तरी मोठा थर्मास मागून आणला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच ऊन तापलं होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका बाकावर आमची सगळी पोरं ओळीनं बसवलेली, उपाशी, पाण्याचा घोटही मना. एवढा वेळ गप्प बसलेली आमची पोरं मी पहिल्यांदाच पाहत होते. काकू इकडून तिकडे फिरत होत्या, कोणाचा नंबर कितवा ते ठरवत होत्या. माझी मुलगी माझ्या मांडीला टेकली होती. तिनं घशावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आई, टॉन्सिल कशाले असते?"

मी म्हटलं, "काढाले."

माझंच उत्तर माझ्या कानावर पडलं. बर्डीच्या बाजारात साडी घ्यायला गेले तर दुकानदाराला रडकुंडीला आणणारी मी. रंग जाईल का, काठ उसवेल का, नाही पसंत पडली तर परत घ्याल का, सगळं विचारून मग घडी मोडू देणार. कोथिंबिरीची जुडी घेताना सुतळी सोडून पाहणारी मी. आणि पोरीच्या गळ्यातलं काहीतरी कापून काढायचं, त्याबद्दल मी एका शब्दानं कोणाला काही विचारलं नव्हतं. मला स्वतःचा असा संताप आला की भीती कुठच्या कुठे गेली.

तेवढ्यात सर्जन व्हरांड्यातून आत निघाले होते. मी पोरीचा हात धरला आणि त्यांच्या वाटेत जाऊन उभी राहिले. सिस्टर माझ्यावर डाफरली, की आत्ता नाही, नंतर. मी हलले नाही.

"डॉक्टरसाहेब, हिच्या टॉन्सिल नाही काढल्या तर काय होईल?"

त्यांना वाटलं बाई घाबरली. ते समजुतीनं म्हणाले, काळजी करू नका, लहानसं ऑपरेशन असतं. मी म्हटलं, घाबरली तर मी हायेच, पण मले एवढं सांगा, नाही काढल्या तर काय होईल.

डॉक्टर थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. मग चक्क त्या बाकाच्या टोकावर बसले आणि तिला जवळ घेऊन पुन्हा घसा पाहिला. या वेळी घाईनं नाही. मानेखाली चाचपलं. मग मला विचारत गेले. घसा वरचेवर सुजतो का, सुजला की ताप भरतो का, गिळता येतं का, शाळा बुडते का. रात्री घोरते का, झोपेत श्वास अडकतो का. कान फुटतो का, सांधे दुखतात का. मी आठवून आठवून सांगत गेले. हिवाळ्यात एकदोनदा घसा धरला होता, तो गुळण्यांनी उतरला. घोरत नाही. खाणं कमी, बोलणं जास्त.

"मग हिचं ऑपरेशन करायला तुम्हाला सांगितलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच सांगितलं नं."

"मी?" ते म्हणाले. "मी एवढंच म्हणालो की वाढलेल्या आहेत. या वयात त्या वाढलेल्याच असतात, पुढे आपोआप लहान होतात. तुम्ही सगळ्या ठरवूनच आला होता. मला वाटलं, तुमच्या डॉक्टरांनी पाहून पाठवलं असेल."

आमच्या डॉक्टरनं पाहिलंच नव्हतं. पाहिलं होतं ते आम्ही, बॅटरीनं. मोठे डॉक्टर आमच्या भरवशावर बसले होते, आम्ही त्यांच्या, आणि मधे माझी पोरगी सकाळपासून उपाशी होती.  मग त्यांना हसू आलं, आणि मलाही. मला तर इतकं हलकं वाटलं की तिथेच बसकण मारावी.

त्यांनी सांगितलं, घरी घेऊन जा. थंडीत लक्ष ठेवा. वरचेवर घसा धरायला लागला, ताप यायला लागला, तर परत आणा, तेव्हा काढू. आज काढायचं काही कारण नाही. आणि उठता उठता म्हणाले, "हा प्रश्न मला इथे कोणी विचारत नाही. विचारत जा हो."

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आत जाण्याऐवजी त्यांनी बाकावरच्या एकेका पोराला पुन्हा तपासायला घेतलं. प्रत्येक आईला तेच प्रश्न. आमच्या शेजारच्या घरचा एक मुलगा रात्री असा घोरायचा की भिंतीपलीकडे आम्हाला झोप येत नसे, आणि मधेच त्याचा श्वास अडकायचा. त्याला त्यांनी ठेवून घेतलं. बाकी सगळ्यांना घरी पाठवलं, काकूंच्या धाकट्यालाही.

मग त्या व्हरांड्यात जे रडणं सुरू झालं ते विचारू नका. ऑपरेशन होणार म्हणून रडणारी पोरं त्या दवाखान्यानं पुष्कळ पाहिली असतील. ऑपरेशन होणार नाही म्हणून गळा काढलेली पहिलीच असावीत. माझी मुलगी तर जमिनीवर लोळली. तिला टॉन्सिल काढायच्याच होत्या. सिस्टरनं हसू आवरायला तोंडाला पदर लावला, आणि ज्याचं ऑपरेशन होणार होतं तो एकटाच बाकावर बसून सगळ्यांकडे ऐटीत पाहत होता.

नेमके तेव्हाच माझे यजमान घामाघूम होऊन, सायकलच्या हँडलला थर्मास अडकवून, फाटकातून आत आले. मी झालेलं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "कोनाले विचारून परत नेऊन राहिली?" मी म्हटलं, डॉक्टरले.  ते थर्मासकडे पाहत राहिले. रजा तर गेली होतीच. शेवटी कडुनिंबाच्या सावलीत बसून त्यांनी झाकण उघडलं. नागपूरचा मे, आतलं आइस्क्रीम कधीच दूध झालं होतं. झाकणात ओतून ओतून ते सगळ्या पोरांनी मिळून प्यायलं, आणि रडणं थांबलं. एक झाकण माझ्याही वाट्याला आलं. त्या दूधपाण्याइतकं गोड मी काही प्यायले नसेन.

काकू मात्र थेंब न घेता रिक्षात बसल्या. त्यांचं सगळं जमवलेलं मोडलं होतं, आणि तेही माझ्यासारख्या कालच्या पोरीनं, चारचौघांत. त्या माझ्याशी बोलेनाशा झाल्या. काकू बोलत नाहीत म्हटल्यावर लाइनही जपूनच बोलायला लागली. माझ्या कुरड्यांची पाळी आली त्या दिवशी सगळ्यांनाच काही ना काही काम निघालं. मी चीक शिजवला, यजमानांनी सोऱ्या दाबला, आणि पोरीनं खाटेवर पसरवल्या. त्या कुरड्या कशा झाल्या हे आमच्या घराबाहेर कोणाला कळू दिलं नाही. मला वाईट वाटत होतंच. लाइनीत न बोलता राहणं म्हणजे जेवणात मीठ नसणं. पण पोरगी समोर दिसली की वाटायचं, चालेल, अळणी खाऊ.

खरी परीक्षा थंडीत झाली. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले आणि एका संध्याकाळी पोरगी खेळून आली ती अंग गरम घेऊनच. घसा लाल, आवाज बसलेला. मी धसकले. सकाळी नळावर गेले तर कोणी काही बोललं नाही, पण प्रत्येकीची नजर तेच बोलत होती, की पाहिलं, काढल्या असत्या तर. मलाही तेच वाटायला लागलं. सर्जनशी एवढ्या तोऱ्यात बोलून आले आणि आता पोरीला काही झालं तर? यजमान माझ्याकडे पाहत नव्हते, म्हणजे त्यांच्याही मनात तेच होतं.

मी तिला चौकातल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं घसा पाहिला, आणि सवयीनं सुईचा डबा पुढे ओढला. मी विचारलं, सुई नाही दिली तर काय होईल. त्याचा हात तिथेच थांबला. कितीतरी वर्षांनी त्याला कोणी बोलायला मोकळीक दिली असावी तसा तो खुर्ची सरकवून बसला आणि सगळं नीट सांगितलं. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ताप चढला तर गोळी, पातळ खाणं. ताप उतरला नाही, गिळता येईना, श्वासाला त्रास झाला, तर वाट न पाहता घेऊन या. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलंय त्यात काही चूक नाही, एवढ्यावरून ऑपरेशन करत नसतात. घरी येताना मी ते सगळं मनात घोकत आले.

गुळण्या करताना पोरीनं माझं डोकं खाल्लं. ताप चढला, उतरला, पुन्हा थोडा चढला. मी कामं करत होते पण कान तिच्याकडे. मग तो उतरला आणि उतरलेलाच राहिला. तिनं भात मागून खाल्ला तेव्हा मला स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसावे लागले.

त्यानंतरच्या रविवारी लाइनीतली पोरं अंगणात लपाछपी खेळत होती आणि राज्य माझ्या पोरीवर होतं. ती नळाजवळ उभी राहून आकडे मोजत होती, आणि असे मोजत होती की पलीकडच्या लाइनीतल्या पोरांनीही लपून बसावं. कोणीतरी खेळात लबाडी केली, त्यावर तिनं जो आरडाओरडा केला तो ऐकून कावळे उडाले. तेवढ्यात समोरचं दार उघडलं आणि काकू बाहेर आल्या. अंगण ओलांडून सरळ माझ्या उंबऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. मेपासून त्या तिथे आल्या नव्हत्या. मी हातातली परात खाली ठेवली.

"तुह्या पोरीचा गळा चांगला हाय वं," त्या म्हणाल्या. "साऱ्या लाइनीले समजलं. आता तिले चूप कर, अन् चहा मांड."

मी चहा मांडला. पोरीला चूप मात्र केलं नाही.